घरबसल्या प्रवास (साहित्य)

घरबसल्या प्रवास : एखाद्या स्थळी प्रत्यक्ष न जाता वाचन, नकाशे, चित्रे, जुनी दप्तरे आणि ऐकीव हकिगती यांच्या आधारे तिथे मनाने वावरणे आणि त्या वावरातून लेखन करणे. वाचकाला यातून विरंगुळा मिळतो. लेखकासाठी मात्र हे कष्टाचे काम असते. ऐतिहासिक स्थळांच्या बाबतीत तर ते टाळताच येत नाही. रायगडाच्या पायथ्याशी जन्म काढलेला माणूसही १६७४ सालच्या रायगडावर चढून जाऊ शकत नाही. तिथे पोचायचे तर त्यालाही कागदच चाळावे लागतात. म्हणून इतिहासावर लिहिणारा लेखक कितीही पायपीट करणारा असला, तरी काही अंशी तो घरबसल्या प्रवासी असतोच.

हा केवळ कल्पनेचा खेळ आहे, असे मानण्याची सवय आपल्याकडे आहे. पण या प्रकारातले जे लेखन टिकले, ते उकलून पाहिले की तळाशी कोणाचे तरी प्रत्यक्ष पाहणे सापडते: एखाद्या वकिलाची (राजदूताची) रोजनिशी, एखाद्या भिक्षुकाची आठवण, एखाद्या अधिकाऱ्याने मोजलेली गडाची उंची. घरी बसलेला लेखक दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो. ते डोळे कोणाचे होते आणि त्यांनी काय पाहिले, यावर त्याच्या लेखनाची सारी भिस्त असते.

भारतीय साहित्यात याचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे कालिदासाचे ‘मेघदूत’. वर्षभराची शिक्षा भोगत रामगिरीवर अडकलेला यक्ष जागचा हलू शकत नाही. आषाढाच्या ढगाला तो अलका नगरीपर्यंतची वाट सांगतो, आणि ही वाट कोणत्याही मार्गदर्शिकेइतकी काटेकोर आहे. पिकल्या आंब्यांनी झाकलेला आम्रकूट, विंध्याच्या पायथ्याच्या खडकांत फुटून हत्तीच्या अंगावरच्या नक्षीसारखी दिसणारी रेवा, केतकीच्या कुंपणांची दशार्ण देशातली गावे, मग विदिशा, उज्जयिनी, चर्मण्वती, दशपूर, कुरुक्षेत्र, कनखल आणि शेवटी कैलास. उत्तरेला निघालेल्या ढगाला उज्जयिनीसाठी वाट वाकडी करावी लागेल, तरी ती चुकवू नकोस, असा यक्षाचा आग्रह आहे. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे मत वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार मांडले. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, तिथून जवळच आहे. छत्तीसगडातल्या रामगढचा पक्ष घेणारे अभ्यासकही आहेत. स्थाननिश्चितीचा वाद कसाही सुटो, जागी खिळलेल्या माणसाने वाटेतली एकेक नदी आठवत जाणे ही या काव्याची रचनाच आहे, आणि विरहाची तीव्रता त्या भूगोलातूनच उभी राहते.

युरोपात या प्रकाराला नाव मिळवून दिले ते झाव्हिए द मेस्त्र या लष्करी अधिकाऱ्याने. १७९० साली द्वंद्वयुद्ध केल्याबद्दल तुरीनमध्ये त्याला ४२ दिवस खोलीत डांबले गेले. त्या खोलीतल्या पलंगाची, खुर्चीची, भिंतीवरच्या चित्रांची त्याने प्रवासवर्णनाच्या थाटात सफर घडवली. ते पुस्तक १७९४ साली छापून आले.

पण घरबसल्या प्रवासात एकाचे पाहणे दुसऱ्याच्या हाती कसे जाते, हे कळण्यासाठी मंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या उन्हाळी राजधानीचे, शांगदूचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने ती पाहिली. पुढे जेनोवाच्या कैदेत असताना त्याने आपली हकिगत रुस्तिकेल्लो या सोबतच्या कैद्याला सांगितली आणि त्याने ती लिहून काढली. तीनशेहून अधिक वर्षांनी सॅम्युएल पर्चस या इंग्रज पाद्र्याने अशा हकिगतींचे दांडगे संकलन केले. आपण जन्मगावापासून २०० मैलांपलीकडे कधी गेलो नाही, असे या पर्चसनेच लिहून ठेवले आहे. त्याचे पुस्तक वाचता वाचता इंग्रज कवी कोलरिजला डुलकी लागली आणि त्यातून ‘कुब्ला खान’ ही कविता सुचली, असे कवीने स्वतः सांगितले आहे. ही कविता १७९७ च्या सुमाराची. ती छापली गेली १८१६ साली. पाहणारा एकच, आणि त्याच्यामागे तीन घरबसे. आज चीनच्या इनर मंगोलिया प्रदेशात या नगरीचे तटबंदीचे अवशेष तेवढे उरले आहेत. २०१२ साली त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

अवशेषच लेखकाला जास्त का खुणावतात, याचे उत्तर त्यांच्या अपुरेपणात आहे. शाबूत इमारतीत पाहणाऱ्याला काही करायचे उरत नाही. पडक्या जोत्यावर मात्र खांब, छप्पर, माणसे सगळे त्यालाच उभे करावे लागते. एडवर्ड गिबनने रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिण्याची कल्पना १५ ऑक्टोबर १७६४ रोजी रोमच्या भग्नावशेषांत बसले असताना सुचल्याचे नोंदवले आहे. जर्मन कवी गोएटेच्या बाबतीत क्रम उलटा होता. रोमची चित्रे त्याच्या वडिलांच्या घरात लहानपणापासून टांगलेली होती; १७८६ साली तो खुद्द रोममध्ये पोचला, तेव्हा बालपणीची स्वप्ने जिवंत झाल्यासारखे त्याला वाटले. म्हणजे रोममध्ये पाऊल टाकण्याआधी कितीतरी वर्षे तो तिथे राहून आला होता.

महाराष्ट्रात हा अनुभव रायगडावर येतो. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली आणि वाड्यांचे लाकूडकाम जळून गेले. आज दिसतात ती जोती, पायऱ्या, बाजारपेठेच्या ओट्यांच्या रांगा. राज्याभिषेकाचा प्रसंग लिहायला बसलेल्या लेखकाला या दगडांतून दरबार उभा करता येत नाही; त्याला हेन्री ऑक्झिंडेनकडे जावे लागते. मुंबईच्या इंग्रजांचा हा वकील जून १६७४ मध्ये गडावर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोन्याच्या पात्याच्या भाल्यांवर लावलेली मोठ्या दातांची सुवर्णमत्स्यांची तोंडे, घोड्यांची शेपटे, सोन्याचा तराजू हे सारे त्याने टिपले. राजद्वाराशी दोन हत्ती पाहून, इतक्या अवघड वाटेने हे वर आणले तरी कसे, याचे त्याला नवल वाटले. मला हे नवल त्या सोन्यापेक्षा मोलाचे वाटते. सोने कोणताही लेखक मनाने रंगवील. हत्ती गडावर चढले कसे, हा प्रश्न मात्र ती चढण स्वतः चढून आलेल्यालाच पडतो. असा एक तपशील हाती आला, की पुढचे पान आपोआप लिहिले जाते.

मराठी कादंबरीत घरबसल्या प्रवासाचा सर्वांत हृद्य अध्याय नाथमाधव यांचा आहे. द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८) हे त्यांचे मूळ नाव. ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीला गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यानंतर वाचन आणि लेखन हेच त्यांचे जग झाले. याच अवस्थेत त्यांनी शिवकाळावरची ‘स्वराज्य’ मालिका लिहिली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’ अशी तिची पुस्तके एकामागून एक येत गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. ज्या डोंगराने पाय नेले, त्याच डोंगरांतून हा माणूस अंथरुणावरून आपल्या मावळ्यांना दौडत नेत होता. त्यांच्या कथानकांत अद्‌भुताचा भाग मोठा आहे आणि इतिहासाच्या कसोटीवर सगळे उतरत नाही. तरीही सह्याद्रीच्या वाटांवरचा त्यांचा जीव पानापानांत जाणवतो. आणि सिंहगडापुरते तरी, तो कडा पाहिलेले डोळे त्यांचे स्वतःचे होते.

त्यांच्या आधी हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी पुण्यात राहून ‘चंद्रगुप्त’मध्ये पाटलिपुत्र, ‘रूपनगरची राजकन्या’मध्ये राजस्थान आणि ‘वज्राघात’मध्ये विजयनगर मराठी वाचकाच्या घरात आणले होते. दुसऱ्या टोकाला गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८). त्यांनी किल्ले पायांखाली घातले, मुक्काम केले, घेऱ्यातल्या, म्हणजे गडाभोवतीच्या वस्त्यांतल्या, माणसांशी नाती जोडली. राजमाचीची ‘माचीवरला बुधा’ किंवा राजगडाची ‘वाघरू’ वाचताना वारा कोणत्या बाजूने येतो, हेदेखील कळते. गंमत अशी, की स्वतः घरी न बसलेल्या या लेखकाने असंख्य वाचकांना घरबसल्या गड दाखवले, आणि त्यातल्या पुष्कळांना नंतर घरी बसवेनासे झाले.

या साऱ्या लेखनाला कच्चा माल पुरवणाऱ्यांचे ऋण क्वचितच मोजले जाते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड काढले. पहिल्याच खंडात पानिपतपर्यंतच्या दशकाची पत्रे आहेत. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखालील मुंबई इलाख्याच्या जिल्हावार गॅझेटियरांत प्रत्येक गडाचे दरवाजे, टाकी, उंची, चढण नोंदलेली आहे. वाक्ये रुक्ष, पण खात्रीची. याउलट वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. दानदक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेला निघालेला हा भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडला आणि झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रसिद्ध केले. झाशीवर लिहिणाऱ्या मराठी लेखकाला तेव्हापासून या भटजींच्या डोळ्यांनी ते शहर पाहता आले.

दुसऱ्याचे डोळे उसने घेण्यात धोकाही आहे, आणि तो लहान नाही. ब्रॅम स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियाला कधीच गेला नव्हता. १८९० च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या किनाऱ्यावरील व्हिटबी गावी राहिला. तिथल्या ग्रंथालयात विल्यम विल्किन्सन यांच्या १८२० सालच्या पुस्तकात त्याला ‘ड्रॅक्युला’ हे नाव मिळाले, आणि एमिली जेरार्ड यांच्या लेखनातून तिकडच्या लोकसमजुती मिळाल्या. १८९७ साली आलेल्या त्याच्या कादंबरीत निवेदक प्रवासाला निघण्याआधी ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन नकाशे पाहतो. लेखकाची स्वतःची रीत यातून दिसते. व्हिटबीचा भग्न मठ आणि चढणीच्या पायऱ्या त्याने पाहिलेल्या होत्या, म्हणून तो भाग घट्ट उतरला आहे. ट्रान्सिल्व्हेनिया मात्र अंधश्रद्धेने ग्रासलेला प्रदेश म्हणून जगाच्या मनात बसला. आज ब्रान किल्ल्याकडे पर्यटकांची रीघ लागते ती या कादंबरीमुळे. तिथल्या खऱ्या इतिहासाची विचारपूस कमीच होते.

आपल्या मुलखाच्या वाट्यालाही हे आले आहे. ज्यूल व्हर्न भारतात कधी आला नाही. ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीत नायकाचा नोकर पासपार्तू मुंबईत मलबार हिलवरच्या देवळात बुटांसह शिरून मार खातो, अनवाणी पळतो आणि बुऱ्हाणपुरात सपाता विकत घेतो. हा प्रवास नकाशा समोर ठेवून लिहिल्याचे जाणवते आणि तो वाचताना मजाही येते. १८८० सालच्या ‘वाफेचे घर’ या कादंबरीत मात्र तो औरंगाबादेपासून कथा सुरू करून नानासाहेब पेशव्यांना सूडाने पेटलेला खलपुरुष म्हणून उभे करतो. त्याने वाचलेले १८५७ हे बव्हंशी युरोपीय लेखणीतून आलेले होते, आणि त्या लेखणीचा कल त्याच्या पात्रांत उतरला. इटलीच्या एमिलिओ साल्गारीने तर एड्रियाटिक समुद्रापलीकडे न जाता मलायाचे चाचे आणि सुंदरबनातले ठग रंगवले. स्थळाची मोहिनी जितकी गडद, तितकी तिथली माणसे विरळ होत जातात, हा या लेखनाचा खरा दोष आहे. पौर्वात्य जगाच्या अशा चित्रणाची झडती समीक्षक एडवर्ड सैद यांनी १९७८ साली घेतली आणि त्यानंतर अशा पुस्तकांकडे भाबडेपणाने पाहणे अवघड झाले. व्हर्न मराठीत आणला भा. रा. भागवतांनी, आणि त्याच्यामुळे कितीतरी मराठी मुलांनी समुद्राचा तळ आणि चंद्र घरात बसून पाहिला, हेही तितकेच खरे.

आता उपग्रहचित्रे आणि रस्त्यांची छायाचित्रे पडद्यावर मिळतात. राजगडाच्या संजीवनी माचीची लांबी घरी बसून मोजता येते, एका गडावरून दुसरा दिसेल का हे ताडून पाहता येते. मात्र पावसाळ्यात ती निसरडी वाट चढायला किती वेळ लागतो, टाक्याचे पाणी कोणत्या महिन्यात आटते, हे अजूनही गॅझेटियरला, जुन्या पत्राला किंवा घेऱ्यातल्या माणसाला विचारावे लागते.

घरी वाचलेल्या पानाने स्थळाचे नशीब पालटल्याची उदाहरणेही आहेत. १८८३ साली जेम्स डग्लस यांच्या मुंबईवरील इंग्रजी पुस्तकात रायगडावरील शिवसमाधीच्या दुरवस्थेचे वर्णन आले. ज्यांनी तो गड कधी पाहिलाही नव्हता अशा सुशिक्षितांना ते वर्णन झोंबले. समाधीच्या दुरुस्तीची चर्चा सुरू झाली. पुढे लोकमान्य टिळकांनी हा प्रश्न ‘केसरी’तून लावून धरला. १८९५ मध्ये पुण्यात सभा भरली, वर्गणी जमू लागली आणि १८९६ साली टिळकांच्या उपस्थितीत रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला.