स्वालबार्डला पक्षी बघायला जायचंय? व्हिसाच्या अर्जात ‘किती प्रवेश’ हा रकाना आधी बघा

आयव्हरी गल हा हस्तिदंतासारखा पांढराशुभ्र कुरव. तो बघायचा तर समुद्री बर्फाच्या काठापर्यंत जावं लागतं आणि सामान्य पर्यटकाला त्यातल्या त्यात जमणारी वाट म्हणजे नॉर्वेची स्वालबार्ड बेटं. तिथे पक्षी बघायला वेगळा परवाना लागत नाही. कोकणात हिवाळ्यात कुरवांचे थवे बघायला कुठे लागतो? घोळ होतो तो व्हिसात.

१९२०च्या स्वालबार्ड करारामुळे या बेटांवर जायला कुठल्याच देशाच्या नागरिकाला व्हिसा लागत नाही. भारतही या करारात आहे. स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंड वस्तीत २००८पासून आपलं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र चालू आहे ते त्यामुळेच. पण हे वाचून हुरळून जाऊ नका. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन, तिथलं विमान ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून सुटतं आणि नॉर्वेच्या मुख्य भूमीवर पाय ठेवायला भारतीय पासपोर्टवाल्याला शेंगेन व्हिसा (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) हवाच. स्वालबार्ड मात्र शेंगेनच्या बाहेर. ऑस्लोत उतरलात की पहिला प्रवेश झाला. लाँगइयरब्येनला निघालात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. परतताना पुन्हा ऑस्लो, म्हणजे दुसरा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीच्या वाटेवर पंचाईत ठरलेली.

म्हणून अर्जात ‘दोन’ किंवा ‘अनेक’ प्रवेश निवडा आणि सोबतच्या पत्रात लाँगइयरब्येनच्या जाण्या-येण्याच्या तारखा स्वच्छ लिहा. पासपोर्ट हातात आला की तिथेच उभं राहून स्टिकर वाचा. प्रवेशांच्या रकान्यात ०१ छापलं असेल तर लगेच विचारणा करा, घरी जाऊन नाही.

अर्ज नॉर्वेच्या परदेशी नागरिक संचालनालयाच्या, म्हणजे यूडीआयच्या पोर्टलवर भरायचा, शुल्क तिथेच ऑनलाइन भरायचं आणि मग व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात वेळ घेऊन कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. प्रौढांचं शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांचं ४५. त्याहून लहानांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. जूनच्या बोटीचं बुकिंग असेल तर मेपर्यंत थांबू नका.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर ३ महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. फोटो, विमानाचं आरक्षण, राहण्याची सोय, बोटीच्या सफरीचं बुकिंग, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र हे नेहमीचंच. नोकरदारांनी रजेचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा जोडाव्यात, व्यावसायिकांनी धंद्याची नोंदणी. खर्चासाठी दिवसाला किमान ५०० नॉर्वेजियन क्रोन हा यूडीआयचा हिशेब. पण तिथली महागाई बघता खात्यात त्याहून बरंच जास्त दिसलेलं बरं.

विम्यात मात्र कंजुषी नको. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं. पण स्वालबार्ड शेंगेनबाहेर असल्यामुळे पॉलिसीत ते नावानिशी धरलंय का, आणि रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. लाँगइयरब्येनचं रुग्णालय लहान आहे, गंभीर रुग्णाला ट्रॉम्सोला न्यावं लागतं.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी थोडक्यात: अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीय असेल तर शेंगेन व्हिसा लागतोच, अर्ज राहत्या देशातून करायचा. जर्मनीसारख्या शेंगेन देशाचा रहिवासी परवाना असेल तर व्हिसा नको, पण परवाना आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा.

आता बेटांवरचे नियम. बोट निवडण्याआधी ते वाचलेले बरे. पक्ष्यांची १५ राखीव क्षेत्रं १५ मे ते १५ ऑगस्ट बंद असतात, समुद्रातूनही ३०० मीटरच्या आत जायचं नाही. १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळात ठरवून दिलेल्या पक्षीकड्यांपासून ५०० मीटरच्या आत बोटीला ५ नॉटची (ताशी सुमारे ९ किलोमीटरची) वेगमर्यादा आहे. १ जानेवारी २०२५पासून संरक्षित क्षेत्रात २००हून जास्त प्रवासी असलेली जहाजं नेता येत नाहीत आणि किनाऱ्यावर उतरायचं ते नेमून दिलेल्या ४३ ठिकाणीच. ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर अंतर ठेवायचं, मार्च ते जून ५०० मीटर. पक्षीवाल्यांना हा नियम चांगलाच जाणवतो, कारण आयव्हरी गल बऱ्याचदा अस्वलाने मारलेल्या सीलच्या उरल्यासुरल्या मांसावरच बसलेला असतो. लांब पल्ल्याची लेन्स किंवा स्पॉटिंग स्कोप न्याच.

वस्तीबाहेर जाताना अस्वलाला पळवून लावण्याचं साधन जवळ असणं बंधनकारक आहे. बंदूक भाड्याने घ्यायला गव्हर्नरच्या कार्यालयाची परवानगी लागते. त्या भानगडीत न पडता वाटाड्याबरोबर जावं. तसं गावाच्या कडेलाही पुष्कळ काही दिसतं. साखळीला बांधलेल्या कुत्र्यांच्या आवाराशेजारी जूनमध्ये आयडर बदकं खुशाल अंडी उबवत बसतात, कारण कुत्र्यांच्या भुंकण्याला घाबरून कोल्हा तिकडे फिरकत नाही. आर्क्टिक सुरय मात्र थेट डोक्यावर चोच मारतात. काठी डोक्याच्या वर उभी धरून चाला, मग ते काठीच्या टोकावर झडप घालतात.

शेवटचा कागद मुंबईतलाच. महागडा कॅमेरा आणि लेन्स नेत असाल तर परतताना त्यावर शुल्क मागितलं जाऊ नये म्हणून विमानतळावर निघतानाच कस्टम्सकडून अनुक्रमांकासह निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. त्यासाठी नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा आणि वस्तू चेक-इनच्या सामानात टाकू नका, अधिकाऱ्याला त्या प्रत्यक्ष दाखवाव्या लागतात.