अहमदाबादच्या कोटातले दोन दिवस : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

सहल ठरवताना फोनवर एक प्रश्न हमखास येतो : "अहमदाबादला जातोच आहोत, तर केवडियाही (सरदार पटेलांचा पुतळा) उरकेल ना?" केवडिया तिथून सुमारे दोनशे किलोमीटर. उरकेल, पण मग अहमदाबाद राहून जाईल. ज्यांना काहीच उरकायचं नाही, दोन दिवस एका जुन्या गावात रमायचं आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक.

भिंत शोधत बसू नका

अहमदशहाने १४११ मध्ये साबरमतीच्या काठी हे शहर वसवलं. पुढे त्याभोवती सुमारे दहा किलोमीटरचा कोट आला. आज भिंतीचे तुकडेच उरलेत. वेशी मात्र उभ्या आहेत. दिल्ली दरवाजा, रायपूर, अस्तोडिया, जमालपूर ही नावं रिक्षावाल्याला सांगितली की पुरतं, आणि ट्रॅफिक त्यांना वळसा घालून जातो. तटबंदी पाहायला म्हणून गेलात तर हिरमोड होईल. पाहायची आहे ती तटाच्या आतली वस्ती. तिच्यामुळेच २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेलं हे भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर ठरलं.

राहायचं कुठे

आमचं ठाम मत : कोटाच्या आतच. जुन्या लाकडी हवेल्यांमध्ये आता राहण्याची सोय होते. नदीपलीकडच्या हॉटेलात लिफ्ट आणि पार्किंग मिळेल, पण पहाटे खिडकीखालच्या गल्लीतली जाग ऐकू येणार नाही. हवेल्यांचे जिने मात्र अरुंद आणि चढे असतात. आजी-आजोबा बरोबर असतील, तर बुकिंगच्या वेळीच तळमजल्याची खोली मागा. गाडी दारापर्यंत येत नाही, म्हणून बॅगा लहान घ्या.

मुंबईहून गुजरात मेल रात्री निघते आणि पहाटे पोचवते. तिकिटावर अहमदाबाद जंक्शन आहे की साबरमती, ते नीट पाहा. जंक्शनला तिथे सगळे कालुपूर म्हणतात आणि ते कोटाला लागूनच आहे. मेट्रोचीही कालुपूर आणि घीकांटा ही दोन स्टेशनं जुन्या शहराच्या सोयीची आहेत.

पहिली सकाळ : पोळ

पोळ म्हणजे आपला बैल नव्हे आणि पुरणपोळीशीही तिचा संबंध नाही. एका दरवाजाआड वसलेली गल्ली म्हणजे पोळ. घरं भिंतीला भिंत लावून, पुढे ओटला (आपला ओटाच), आणि मध्ये चबुतरा. चबुतऱ्याचा अर्थही इथे वेगळा : खांबावर उभारलेलं, कोरीव छताचं, पाखरांना दाणे घालायचं घर. एखाद्या हवेलीत बोलावलं तर चौकातली दगडी झाकणी उघडून दाखवायला सांगा. खाली टांकं असतं. छतावरचं पावसाचं पाणी नळीने त्यात उतरायचं आणि पुढे महिनोन्महिने पुरायचं.

महापालिकेचा हेरिटेज वॉक १९९७ पासून चालू आहे. कालुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून (१८२२) सकाळी निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो. दोन-अडीच तास लागतात. आदल्या दिवशी नोंदणी करा. आम्ही स्वतः हा वॉक पुन्हा पुन्हा केलाय आणि तरीही वाटाड्याशिवाय अजून चुकतो.

जामा मशीद १४२४ ची. अंगणात टेकून बसा. आत २६० खांब आहेत, पण मोजायला जाऊ नका, ऊन-सावली बघा. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी जाणं टाळा. चपला बाहेर, अंगभर कपडे. शेजारच्या बादशाहच्या हजिऱ्यात (हजिरा म्हणजे शाही कबरींची वास्तू) मधल्या कबरीच्या दालनात बायकांना प्रवेश नाही. राणीच्या हजिऱ्याभोवती मात्र बायकांचाच बाजार भरतो.

मग जेवा आणि चक्क झोपा. एकदा मे महिन्यात एका ग्रुपला आम्ही दुपारीही फिरवलं होतं. दोघांना लिंबू-सरबत पाजून रिक्षातून परत आणावं लागलं. तेव्हापासून एप्रिल ते जून आम्ही ही सहल नेतच नाही.

संध्याकाळ : तीन दरवाजा

मराठी माणसाने इथे थोडं जास्त थांबावं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८१७ पर्यंत हे शहर पेशवे आणि गायकवाडांकडे होतं. गायकवाडांची हवेली रायखडला आहे. तीन दरवाजा म्हणजे तीन कमानींचं जुनं प्रवेशद्वार. त्याच्या कमानीत १८१२ चा एक लेख बसवलेला आहे, देवनागरी लिपीत. तो मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथांचा हुकूम आहे : मुलीला बापाच्या मिळकतीत तिचा वाटा विनाअडथळा द्यावा. न देणाऱ्या हिंदूने महादेवाला आणि मुसलमानाने अल्लाला जाब द्यायचा. वर मान करून नीट शोधा, खालच्या फेरीवाल्यांच्या गर्दीत तो सहज निसटतो.

तिथेच एक दिवा जळत असतो, लक्ष्मीसाठी. गोष्ट अशी सांगतात की शहर सोडून निघालेल्या लक्ष्मीला कोतवालाने वेशीवर ओळखलं. "बादशहाला विचारून येतो, तोवर थांबा," म्हणाला, आणि तिने कायमचं थांबावं म्हणून स्वतःचा जीवच दिला. तो परतला नाही, म्हणून लक्ष्मीही गेली नाही. दिवा सांभाळणारं घर मुसलमान आहे.

माणेक चौक

सकाळी भाजी-चारा, दिवसा सराफा, रात्री खाणं. नऊनंतर जा. अननसाचं सँडविच ऐकायला विचित्र वाटतं, चवीलाही थोडं तसंच. आम्हाला कुल्फी आवडते. बसायला जागा अपुरी, म्हणून लहान मुलांना आधीच थोडं भरवून न्या.

दुसरा दिवस

सकाळी फाफडा-जिलेबी आणि सिदी सैयदच्या मशिदीची जाळी, एवढंच. १५७२-७३ च्या या मशिदीत दगडात कोरलेलं झाड आहे, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. आधी बाहेरून पाहा, मग आत जाऊन उजेडासमोर. जवळच लकी नावाचं हॉटेल आहे, तिथे कबरींच्या मधोमध मांडलेल्या टेबलांवर चहा आणि मस्का बन मिळतो. पाय धड असतील तर अस्तोडियाची राणी सिप्रीची मशीद (१५१४) बघा, लहान आणि फार नाजूक. नाहीतर रतनपोळला साड्या.

गुजरातमध्ये दारूबंदी आहे, परवान्याशिवाय बाटली नेऊ नका. १४ जानेवारीच्या उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या सणाला, पोळमधल्या गच्च्या भाड्याने जातात. तेव्हा यायचं असेल तर दिवाळीआधीच आम्हाला कळवा, आणि किती जण, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, तेही त्याच फोनवर सांगा.