लिस्बनच्या ताटामागची पाचशे वर्षं

लिस्बनच्या आल्फामा भागात एखाद्या छोट्या खानावळीत बसलं, की काही मागायच्या आधीच टेबलावर पावाची टोपली, ऑलिव्हची वाटी आणि लोणी येतं. हे फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत करायचं. आम्ही चौघं कॉलेजचे मित्रमैत्रिणी तिथे पहिल्यांदा जेवायला बसलो, तेव्हा एकीने टोपलीकडे बोट दाखवून सहज विचारलं, "पाव?" वाढणाऱ्या आजोबांनी तोच शब्द थोडा नाकात घोळवून परत म्हटला. दोन्ही बाजूंना सारखाच आनंद झाला.

पाव पोर्तुगीजांकडून आला हे आपण शाळेपासून ऐकत असतो. बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, घमेलं, पिंप हे शब्दही त्यांचेच. पण जेवायला बसल्यावर ते वेगळेच जाणवतात. तिथलं रोजचं सूप म्हणजे 'काल्दु व्हेर्द', हिरवा रस्सा. बटाट्याच्या दाटसर पाण्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानं आणि वर सॉसेजची एक चकती. ती पानं गड्डा न धरणाऱ्या भाजीची. तिला ते 'कोव्ह' म्हणतात आणि आपल्या कोबीचं नाव त्यातूनच आलंय. बटाटा तर त्यांचाही नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतला, जहाजातून आधी युरोपात आला आणि मग पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला.

लिस्बन बघताना ही गोष्ट फार उपयोगी पडली. शहर देखणं आहे यात वादच नाही. सात टेकड्या, खाली तेजो नदीचं समुद्राएवढं रुंद पात्र, भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशा, गल्लीतून अंग चोरून जाणारी पिवळी ट्राम. पण ताटातल्या पदार्थांचा माग काढत गेलं की शहर जास्त कळतं.

आल्फामा हे नाव अरबी 'अल-हम्मा'वरून आलं, म्हणजे गरम पाण्याचे झरे. सुमारे चारशे वर्षं इथे मुसलमान राजवट होती. ११४७ साली आफोन्सो हेन्रिकेस या राजाने धर्मयुद्धाला निघालेल्या परदेशी योद्ध्यांच्या मदतीने शहर घेतलं. (आपल्या हापूसला ज्याचं नाव मिळालं असं मानतात तो आफोन्सो द आल्बुकर्क वेगळा, साडेतीनशे वर्षांनंतरचा.) गल्ल्यांची ती गुंतागुंत मात्र तशीच राहिली. आणि ती आजही दिसते याला १७५५ चा भूकंप साक्षी आहे.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊनंतर जमीन हलली तेव्हा लोक चर्चमध्ये होते आणि मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. जे वाचले ते मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले. तिथे पाणी मागे हटलं आणि लाट होऊन परत आलं. मग कलंडलेल्या मेणबत्त्या आणि स्वयंपाकघरातल्या चुलींमधून आग पसरली ती कित्येक दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला, सत्तर हजार ग्रंथांचं राजाचं ग्रंथालय गेलं, आणि मसाल्याचा सगळा व्यापार जिथून चाले ती 'कासा द इंदिया', भारताची पेढी, कागदपत्रांसकट गेली. राजा जोझे त्या दिवशी बेलें गावात असल्यामुळे वाचला, पण दगडी छताखाली राहायची त्याने जी धास्ती घेतली ती आयुष्यभर. अनेक वर्षं राजदरबार लाकडी बांधकामात भरत असे.

आल्फामाचा डोंगर बऱ्यापैकी तगला. खालचं सपाटीवरचं शहर, बायशा, पुन्हा आखावं लागलं. पुढे पोम्बालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याच्या देखरेखीखाली सरळ रेषेतले रस्ते, एकसारख्या इमारती आणि भिंतींच्या आत लाकडी चौकट असं बांधकाम झालं. या चौकटीला 'गायोला' म्हणतात, म्हणजे पिंजरा. भूकंपात भिंत पडली तरी पिंजरा इमारत धरून ठेवील, ही कल्पना. रस्त्यांना धंद्यांची नावं मिळाली: चांभारांचा रस्ता, खोगीरवाल्यांचा रस्ता, मुलामा देणाऱ्यांचा रस्ता. नदीजवळच्या एका रस्त्याचं नाव 'रुआ दुश बाकाल्यूएरुश', कॉड मासा विकणाऱ्यांचा रस्ता.

हा कॉड, म्हणजे पोर्तुगीजांचा 'बाकाल्याउ', मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवणारा विषय वाटतो. दुकानात तो लाकडी फळ्यांसारखा थप्प्या लावून ठेवलेला असतो, मिठाने पांढरा पडलेला, वाजवला तर टकटक आवाज येईल असा. आमच्यातल्या मालवणच्या मित्राला दारातूनच वास आला आणि तो म्हणाला, "अरे, हे तर आमच्या माळ्यावरच्या सुक्या बांगड्यासारखं!" वास खरंच तसा. फरक एवढाच, की कोकणात पावसाळ्यात होड्या बंद म्हणून आपण आपल्याच समुद्रातला मासा सुकवतो. गोव्यात या पावसाळी बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात, तो शब्दही पोर्तुगीजच. पण कॉड पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. तो थंड पाण्यातला मासा. ज्या देशाला एवढा मोठा किनारा आहे, त्याचा सगळ्यात जिवाभावाचा मासा दुसऱ्याच्या समुद्रातला आहे.

याचं कारण चर्चच्या पंचांगात सापडतं. ईस्टरआधीचे चाळीस दिवस, शुक्रवार, सणांच्या आदल्या रात्री असे वर्षातले शंभराहून अधिक दिवस मांस वर्ज्य असे आणि मासा चालत असे. डोंगराळ गावांत ताजा मासा पोचणार कसा? कॉडमध्ये चरबी फार कमी, त्यामुळे खारवून वाळवला तर तो खवट होत नाही, महिनोन्महिने टिकतो. मिठागरं पोर्तुगालकडे होतीच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची जहाजं अटलांटिक ओलांडून आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापर्यंत जाऊ लागली आणि १५०६ मध्येच राजा मानुएल पहिला याने तिथून येणाऱ्या कॉडवर दशमांश कर बसवला.

पुढे ते पाणी इंग्रजांच्या हाती गेलं आणि पोर्तुगाल बराच काळ कॉड विकत घेत राहिला. विसाव्या शतकात सालाझारच्या हुकूमशाहीने ठरवलं की हा मासा आपला आपणच आणायचा. १९३४ पासून सरकारी योजनेखाली ताफा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात देश तटस्थ आहे हे दिसावं म्हणून जहाजं पांढरी रंगवली, म्हणून नाव पडलं 'पांढरा ताफा'. प्रत्यक्ष काम कसं चाले ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. पहाटे मोठ्या जहाजावरून छोट्या सपाट होड्या पाण्यात सोडायच्या, एका होडीत एकच माणूस. त्याने एकट्याने दिवसभर दोर टाकून मासे धरायचे, होडी भरली की वल्हवत परत यायचं आणि मग रात्री उशिरापर्यंत मासे चिरून खारवायचे. धुकं उतरलं तर जहाज सापडत नसे. असे सहा महिने. सक्तीच्या लष्करी सेवेतून सुटका मिळते म्हणून कित्येक तरुण या बोटींवर चढत. सरकारने त्यांना देशाचे वीर म्हणून मिरवलं, पण त्यांच्या घरच्यांनी काय भोगलं असेल ते वीरगाथेत येत नाही. ही हुकूमशाही उलथवणाऱ्या १९७४ च्या क्रांतीच्या सुमारास तो होड्यांचा काळ संपला. १९९२ मध्ये कॅनडाने तर साठा संपत आला म्हणून आपल्या पाण्यातली ही मासेमारीच थांबवली. आज लिस्बनमध्ये खातात तो कॉड बहुतेक नॉर्वे आणि आइसलंडकडून येतो.

घरी करायचा तर तो दिवस-दोन दिवस पाणी बदलत भिजत घालावा लागतो. आम्ही खाल्ला तो 'बाकाल्याउ आ ब्रास'. भिजवून हाताने मोकळा केलेला मासा, परतलेला कांदा, काडीसारखे तळलेले बटाटे, आणि हे सगळं अंड्यात जेमतेम थिजेपर्यंत हलवायचं. वर काळी ऑलिव्ह आणि कोथिंबिरीच्या चुलत बहिणीसारखी पार्सली. हा पदार्थ बाइरो आल्तो भागातल्या ब्रास नावाच्या खानावळवाल्याने काढला असं सांगतात. थोड्या महाग माशात जास्त माणसं जेवावीत, हा त्यातला हिशेब कुठल्याही घर चालवणाऱ्या बाईला लगेच कळेल.

सार्डिनचं तसं नाही. ती आपल्या तारलीची नातेवाईक आणि तिथल्याच समुद्रातली. १२ जूनच्या रात्री संत आंतोनियोच्या सणाला आल्फामात दारोदार निखाऱ्यांवर सार्डिन भाजतात. हा संत इटलीतल्या पादुआचा म्हणून जगाला माहीत असला, तरी जन्मला लिस्बनमध्ये. जूनमध्ये मासा चरबीने भरतो. भाजलेली सार्डिन पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून हाताने खायची आणि सगळ्यात शेवटी तेल प्यायलेला तो पाव खायचा. आमच्या मते खरी मजा त्या पावातच होती. त्याच दिवसांत बारीक पानांच्या तुळशीच्या जातीची कुंडी भेट देतात, कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचून. तिला नाक लावून वास घ्यायचा नाही, पानांवरून तळवा फिरवायचा आणि मग तळव्याचा वास घ्यायचा.

बेलेंला जाताना मानुएल राजा पुन्हा भेटतो. १४९७ मध्ये वास्को द गामा इथूनच निघाला आणि तो परत आल्यावर राजाने जेरोनिमोस मठ बांधायला घेतला. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर पाच टक्के कर लावून त्याचा खर्च भागवला. खांबांवर दोर, पोवळी, सागरी वेली कोरल्यात. ते कोरीव काम पाहून डोळे निवतात, आणि तो पैसा मिऱ्यांचा आहे, आपल्या मलबार किनाऱ्याचा आहे, हे तिथे उभं राहून विसरता येत नाही. गामाची कबरही आत आहे.

या मठांमध्ये आणि जोगिणींच्या मठांमध्ये कपड्यांना खळ द्यायला अंड्याचा पांढरा भाग वापरत, वाइन नितळ करायलाही तोच. पिवळा बलक उरे. त्यातून बलक आणि साखरेच्या मिठाया जन्माला आल्या. साखर आधी अटलांटिकमधल्या मदेरा बेटाची, मग ब्राझीलची, आणि ती पिकवणारे हात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे. १५५१ च्या मोजणीत खुद्द लिस्बनमध्ये दहा माणसांमागे जवळपास एक गुलाम होता. गोड खाताना हे सांगू नये असं काहींना वाटेल. मला वाटतं, सांगितलंच पाहिजे.

१८२० च्या उदारमतवादी क्रांतीनंतर यादवी झाली आणि १८३४ मध्ये सरकारने पुरुषांचे सगळे मठ बंद केले. माणसं एका फटक्यात रस्त्यावर आली. जेरोनिमोसच्या शेजारी साखरेचा कारखाना होता आणि त्याला लागून दुकान. तिथे मठातली कस्टर्डची टार्ट विकायला ठेवली गेली आणि १८३७ पासून ती 'पाश्तेल द बेलें' नावाने विकली जाते. कृती आजही मोजक्या माणसांनाच माहीत आहे. इतरत्र मिळते ती 'पाश्तेल द नाता'. पापुद्रा कुरकुरीत, मध्ये डाग पडेपर्यंत भाजलेलं कस्टर्ड, वर दालचिनी. गरमच खायची. आम्ही प्रत्येकी दोन मागवल्या आणि नंतर परत रांगेत लागलो.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही साओ दोमिंगोस चर्चसमोरच्या चौकात होतो. तिथे १८४० पासून एका चिंचोळ्या दुकानात 'जिंजिन्या' मिळते, आंबट चेरी मुरवून केलेली गोड दारू. फळासकट हवी की नुसती, एवढंच विचारतात. छोटा पेला घेऊन लोक चौकात उभे असतात. त्याच चौकात २००८ मध्ये बसवलेला एक दगड आहे.

मानुएलनेच १४९७ मध्ये राज्यातल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं होतं. १५०६ च्या एप्रिलमध्ये, दुष्काळ आणि प्लेगच्या दिवसांत, या चर्चमधल्या क्रुसावर कुणाला दिव्य प्रकाश दिसला. तो मेणबत्तीचा उजेड असेल, असं एक नवख्रिस्ती म्हणाला. त्याला तिथेच मारलं. मग तीन दिवस नवख्रिस्त्यांची कत्तल चालली, हजारो माणसं गेली. राजा त्या वेळी शहराबाहेर होता. परतल्यावर त्याने शिक्षा केल्या, पण भीती गेली नाही. डुकराऐवजी कोंबडीचं मांस आणि पाव भरलेलं 'अल्येइरा' सॉसेज याच भीतीतून आलं असं परंपरेने सांगतात. ज्यूंना डुक्कर वर्ज्य, आणि सॉसेज म्हणजे डुकराचंच असं सगळे धरून चालत, त्यामुळे घरात सॉसेज टांगलेलं दिसलं की शेजारी संशय घेत नसत.

अशाच एका कुटुंबातला वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये लिस्बन सोडून गोव्याला आला. मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. मुंबईहून आलेल्या आंब्यांच्या टोपलीचा उल्लेखही त्यात आहे. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशनने) गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली.

साओ दोमिंगोस चर्च १९५९ मध्ये आगीत सापडलं. दुरुस्त करताना खांबांवरचे जळके व्रण मुद्दाम तसेच ठेवलेत. आम्ही आत गेलो तेव्हा प्रार्थना चालू होती, म्हणून मागच्या बाकावर थोडा वेळ बसलो. बाहेर आल्यावर भूक लागली होती. कोपऱ्यावरच्या कॅफेच्या काचेच्या कपाटात कॉडच्या वड्यांशेजारी त्रिकोणी, तळलेले 'शामुसा' मांडलेले होते, गोवा आणि मोझांबिकहून आलेल्या माणसांबरोबर इथे पोचलेले. आम्ही चार घेतले. आत मसाला होता, चांगला तिखट.