तांबी आणि पाळी जायचं वय: दवाखान्यात येण्याआधी वाचा

रोज एक तरी फोन येतोच. "मॅडम, पाळी आता दोन दोन महिने येत नाही, तांबी काढून टाकू ना?" नाहीतर, "पाळी जाऊन चार वर्षं झाली, तांबी आतच आहे, त्रास काही नाही, मग राहू दे ना?" या दोन्हींचं उत्तर द्यायच्या आधी आम्हाला एकच गोष्ट कळावी लागते, दिवस राहू नयेत म्हणून पिशवीत बसवलेली ही तांबी कुठली आणि बसवली कधी, आणि नेमकं तेच बहुतेकजणींना सांगता येत नाही.

"पाच वर्षांची होती बहुतेक" असं उत्तर येतं. यात तुमचा दोष नाही, तांब्या खरंच वेगवेगळ्या आहेत. पूर्वी सरकारी दवाखान्यात कॉपर टी २०० बसवायचे, ती तीन वर्षांची. २००२ पासून ३८० ए आली, ती दहा वर्षांची. ३७५ म्हणून एक आहे, तिचे हात खाली वाकलेले असतात, ती पाच वर्षांची. आणि मिरेनासारखी हार्मोनवाली, तिच्यात तांबं नसतंच, पण घरात तिलाही सगळ्या तांबीच म्हणतात. आता यातली कुठली ते माहीत नसेल तर मुदत कशी सांगणार? सोनोग्राफीत तांबी आहे एवढं दिसतं, कधीची आहे ते दिसत नाही. मग आम्ही सांगतो घरी जाऊन कार्ड शोधा, बाई दीड तास एसटीने आलेली असते, चिडते, आणि तिचंही बरोबर असतं.

म्हणून येण्याआधी शोधाशोध करा. तांबी बसवल्याचं कार्ड नसेल तर बाळंतपणाची फाईल किंवा डिस्चार्ज कार्ड बघा, बाळंतपणाच्या वेळीच बसवली असेल तर त्यावर लिहिलेलं असतं. उपकेंद्रात बसवली असेल तर तिथल्या सिस्टरकडे नोंद असू शकते. काहीच सापडलं नाही तर निदान आठवून या, धाकट्याच्या वेळी बाळंतपणातच बसवली की सव्वा महिन्यानंतर, मुलाची जन्मतारीख तर पाठ असतेच, त्यावरून वर्ष निघतं. कार्ड सापडलं की फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, कागद हरवतो.

आता काढायची कधी ते. पाळी गेली असं आम्ही सलग १२ महिने पाळी आली नाही की म्हणतो. दोन महिने चुकली, मग आली, मग चार महिने नाही, हे पाळी जाणं नाही, हा मधला काळ आहे आणि त्यात दिवस राहू शकतात. कमी राहतात पण राहतात, आणि ४६ व्या वर्षी नको असताना दिवस गेले तर बाईची काय अवस्था होते ते आम्ही इथे बघितलंय. तांब्याची तांबी असेल आणि शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर त्यानंतर एक वर्ष, पन्नाशीच्या आधी आली असेल तर दोन वर्षं तांबी ठेवायची. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षीच जाते, म्हणजे बहुतेकजणींना दोन वर्षांचाच नियम लागू होतो, आणि नेमक्या इथेच त्या एक वर्षात काढा म्हणून येतात.

मुदत मधेच संपत असेल तर? चाळिशीनंतर बसवलेली ३८० किंवा ३७५ पाळी जाईपर्यंत चालते असं ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, त्यामुळे ४२ व्या वर्षी बसवलेली केवळ मुदत झाली म्हणून बदलायची गरज नसते. पण पस्तिसाव्या वर्षी बसवलेलीला ते लागू नाही, ती बदलावीच लागते. बघा, परत तारखेवरच आलं.

हार्मोनवालीचं वेगळं. तिच्यामुळे पाळी कमी होते, कितीतरी जणींची बंदच होते, त्यामुळे पाळी येत नाही यावरून काहीच ठरवता येत नाही. पन्नाशीनंतर रक्ताची एफएसएच तपासणी (पाळी जाताना वाढणाऱ्या हार्मोनची) करून अंदाज घेता येतो. ४५ नंतर बसवली असेल तर दिवस राहू नयेत यासाठी ती ५५ पर्यंत ठेवता येते. पण अंगातून वाफा येतात म्हणून इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल चालू असेल आणि पिशवीच्या अस्तराला संरक्षण म्हणून ती ठेवली असेल तर पाच वर्षांनी बदलावी लागते. आणि वाफांसाठी घेतलेल्या गोळ्यांनी दिवस राहायचे थांबत नाहीत, हा गैरसमज खूप आहे.

तांब्याच्या तांबीवर या वयात रक्त खूप जास्त जात असेल, गाठी पडत असतील तर वय आहे म्हणून सहन करू नका. हिमोग्लोबिन बघू, सोनोग्राफी करू, कारण सापडलं आणि योग्य वाटलं तर हार्मोनवाली बसवता येते, तिने रक्तस्राव बराच कमी होतो. दोन्ही प्रकार आमच्याकडे असतात, पण तपासल्याशिवाय आम्ही बदलत नाही.

पाळी गेल्यावर तांबी आत विसरू नका. पिशवी आक्रसते, तिचं तोंड बारीक होतं, तांबीचा दोरा वर जातो, आणि पाच मिनिटांचं काम अवघड होऊन बसतं. गेल्या वर्षी ५८ वर्षांच्या एक काकू डाग पडतात म्हणून आल्या, तांबी नाही म्हणाल्या, सोनोग्राफीत ती दिसली, तेव्हा त्यांना आठवलं की धाकट्या मुलीच्या वेळची आहे, त्या मुलीला आता स्वतःचं मूल आहे. पिशवीच्या तोंडाशी लावायचं क्रीम काही आठवडे दिलं आणि मग काढली, अस्तराचा नमुनाही तपासला, तो चांगला आला. नमुना कशाला असं घरच्यांनी विचारलं. पाळी गेल्यावर एक डाग जरी पडला तरी तपासायलाच लागतो, तांबीमुळेच असेल असं धरून सोडून देणं आम्हाला पटत नाही.

सोनोग्राफी उगाच सांगता असंही काहीजण म्हणतात. दोरा दिसत असेल तर आम्ही सांगत नाही, तशीच काढतो, बाई खोकली की निघते, भूल लागत नाही, अॅडमिट व्हायचं नसतं. दोरा दिसत नसेल तर मात्र तांबी कुठे आहे ते न बघता आत हत्यार घालणार नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

अजून एक, पाळी अजून पूर्ण गेली नसेल तर काढायच्या आधीचे सात दिवस संबंध ठेवू नका किंवा निरोध वापरा, नाहीतर आम्हाला त्या दिवशी परत पाठवावं लागतं.

आमच्याकडे बसवलेल्या प्रत्येक तांबीची नोंद आमच्या रजिस्टरला असते आणि मुदत यायच्या आधी आमच्या सिस्टर फोन करतात, त्यामुळे नंबर बदलला तर कळवा. दुसरीकडे बसवलेली असली तरी आम्ही काढतो, फी तीच, आणि पुढच्या वेळेसाठी कार्ड करून देतो. दोरा हाताला लागत नाही असं वाटत असेल तर नंबर लावतानाच सांगा, म्हणजे त्या दिवशी तुमच्यासाठी जास्त वेळ ठेवता येईल.