तारखा जुळतात की जुळवल्या जातात?

तारखांमधे योगायोग शोधायचं वेड इंटरनेटमुळे आलं असं वाटत असेल तर सोडून द्या, ते निदान अडीच हजार वर्षं जुनं आहे. इ.स.पू. ४८० मधे ग्रीकांनी सॅलमिसला पर्शियन आरमाराचा धुव्वा उडवला, त्याच सुमारास तिकडे सिसिलीत हिमेराला तिथल्या ग्रीकांनी कार्थेजच्या फौजेला हरवलं, आणि ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहून ठेवतो की म्हणे दोन्ही लढाया एकाच दिवशी झाल्या. काही शतकांनी डायोडोरस नावाचा दुसरा इतिहासकार येतो आणि तो म्हणतो छे, हिमेराचा दिवस म्हणजे थर्मोपायलीच्या लढाईत स्पार्टाचा राजा लिओनायडस पडला तो दिवस! लढाई तीच, जोडी बदलली. आणि पडताळणार तरी कसं, प्रत्येक ग्रीक शहराचं कॅलेंडर वेगळं, महिन्यांची नावंसुद्धा वेगळी. ॲरिस्टॉटलने मात्र हीच जोडी घेऊन सांगितलंय की दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून त्या एकाच शेवटाकडे जात नाहीत. एवढं सरळ कोणी नंतरही बोललेलं नाही.

रोमन लोक त्याच्याही पुढचे. इ.स. ६४ ची रोमची आग १९ जुलैला लागली, आणि गॉल लोकांनी पूर्वी शहर जाळलं तीही म्हणे तीच तारीख. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की काहींनी तर दोन्ही आगींमधला काळ सारख्याच आकड्याची वर्षं, महिने आणि दिवस असा मोजून बसवला. आकडा हवा तसा येईपर्यंत मोजत राहायचं, बाकी काय.

पुढे पुढे तर तारीख मुद्दाम निवडलेलीच दिसते. २ डिसेंबरला नेपोलियनचा राज्याभिषेक (१८०४), २ डिसेंबरलाच त्याने जिंकलेली ऑस्टरलिट्झची लढाई (१८०५), मग पुतण्याने १८५१ मधे सत्ता बळकावायला तोच दिवस धरला, यात योगायोग कसला? जर्मनीतल्या ९ नोव्हेंबरचंही थोडं तसंच, हिटलरच्या १९२३ च्या फसलेल्या बंडाच्या वर्धापनदिनाला नाझी पुढारी म्युनिकमधे जमले होते आणि १९३८ चा ज्यूंवरचा देशभरचा हल्ला तिथूनच सुटला. १९८९ ला बर्लिनची भिंत त्याच तारखेला उघडली तो मात्र निव्वळ गोंधळ होता, पत्रकार परिषदेत एक पुढारी घाईत बोलून गेला.

शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस दोघांच्याही मृत्यूची तारीख म्हणून २३ एप्रिल १६१६ सांगतात, पण इंग्लंड ज्युलियन कॅलेंडरवर आणि स्पेन ग्रेगोरियनवर, म्हणजे मधे दहा दिवस.

खरा पक्का योगायोग म्हणजे ४ जुलै १८२६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी ॲडम्स आणि जेफरसन हे दोघंही माजी राष्ट्राध्यक्ष गेले, लोकांना त्यात देवाचा हात दिसला, आणि १८३१ मधे आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष मन्रोही ४ जुलैलाच गेला तेव्हा तर विचारूच नका. तसाच माजी राष्ट्राध्यक्ष मॅडिसन १८३६ मधे २८ जूनला वारला, ४ जुलैच्या सहाच दिवस आधी, आणि ही तारीख कुणीच सांगत नाही.