प्राण्याचा माग आणि कथेचा माग: क्रिप्टोझूऑलॉजी व कल्पित प्राण्यांचा सांस्कृतिक इतिहास

हिममानव, स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवराचा जलराक्षस, एकशिंगी युनिकॉर्न किंवा समुद्रातला महासर्प यांच्यावरची पुस्तके ग्रंथालयात बहुधा एकाच कप्प्यात लावलेली असतात आणि त्यांच्या लेखकांची ओळखही ‘अद्भुत प्राण्यांवर लिहिणारे’ अशी एका दमात करून दिली जाते. प्रत्यक्षात त्या कप्प्यात दोन निराळ्या विद्या शेजारी बसलेल्या असतात. एक क्रिप्टोझूऑलॉजी, म्हणजे विज्ञानाने अद्याप नोंद न केलेले प्राणी लोकांच्या सांगण्यावरून शोधण्याचा उद्योग. दुसरी कल्पित प्राण्यांचा सांस्कृतिक इतिहास, म्हणजे अशा प्राण्यांच्या कथा आणि समजुती माणसांत कशा रुजल्या याचा अभ्यास. दोन्हीकडचे लेखक तीच जुनी प्रवासवर्णने उकरतात, त्याच गावकऱ्यांच्या जबान्या वाचतात आणि तीच चित्रे छापतात, त्यामुळे गफलत होणे साहजिक आहे. पहिला गट भाबडा आणि दुसरा चिकित्सक, अशी वाटणी सर्रास केली जाते. ती मला पटत नाही. खरा फरक हाती आलेल्या कथेतले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, या निवडीत आहे.

पहिल्या विद्येचे जनक मानले जाणारे बर्नार्ड ह्युवेलमान्स (१९१६–२००१) हे भाबडे मुळीच नव्हते. ते प्राणिशास्त्राचे रीतसर पदवीधर होते आणि आर्डव्हार्क या आफ्रिकी प्राण्याच्या दातांवर त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. काही काळ जॅझ वाजवून आणि गाऊनही त्यांनी उपजीविका केली. १९५५ मध्ये अज्ञात प्राण्यांच्या शोधावरचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला, तीन वर्षांनी तो इंग्रजीत आला आणि पुढची जवळजवळ सगळी कारकीर्द त्यांनी याच विषयाला वाहिली. १९८२ मध्ये वॉशिंग्टन येथे या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. संस्थेने बोधचिन्ह म्हणून ओकापी निवडला, यात तिची सगळी भूमिका येते. काँगोच्या जंगलातल्या रहिवाशांना पूर्वीपासून माहीत असलेला हा जिराफकुळातला प्राणी युरोपीय विज्ञानाच्या दप्तरात १९०१ मध्ये दाखल झाला. म्हणून स्थानिकांचे ऐका, त्यांच्या सांगण्यात तथ्य असते, असा या विद्येचा मूळ आग्रह आहे. तो चुकीचा म्हणता येणार नाही. उलट वसाहतींच्या काळातल्या कित्येक विद्वानांपेक्षा ह्युवेलमान्स आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या सामान्य माणसांच्या ज्ञानाचा अधिक आदर करत होते.

अडचण पुढच्या पायरीवर सुरू होते. त्यांच्या मते अनोळखी प्राण्याभोवती लोक भीतीची, देवाधर्माची आणि अतिशयोक्तीची पुटे चढवतात. ती सोलून काढली की आत खराखुरा प्राणी सापडतो. शेंगेचे टरफल फोडून दाणा काढावा तशी ही रीत आहे, आणि सांस्कृतिक इतिहासकाराचे भांडण नेमके याच टरफलाशी होणाऱ्या वागणुकीवरून आहे. शिवाय ओकापीचा दाखलाही तितकासा लागू पडत नाही. ओकापी जंगलातल्या लोकांच्या रोजच्या ज्ञानाचा भाग होता, अद्भुतकथेचा नव्हे. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालेला, फार पूर्वीच लुप्त झाल्याचे समजला गेलेला सीलाकँथ मासाही कोणत्या दंतकथेचा माग काढून सापडला नव्हता. तो मासेमारीच्या जाळ्यात आला आणि एका चाणाक्ष संग्रहालय-अधिकारी स्त्रीच्या नजरेला पडला.

दुसऱ्या परंपरेचा नमुना म्हणून ओडेल शेपर्ड यांचे नाव घ्यावे लागेल. अमेरिकेतल्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे, पुढे एका चरित्रग्रंथासाठी पुलित्झर मिळवणारे आणि चक्क कनेक्टिकट राज्याचे उपराज्यपाल झालेले हे गृहस्थ १९३० मध्ये युनिकॉर्नवर एक जाडजूड ग्रंथ लिहून बसले. असा प्राणी कुठे हिंडत असेल का, याचा ध्यास त्यांना नव्हता. त्याच्या शिंगाने विष ओळखता येते ही समजूत कशी रुजली, राजवाड्यांत आणि औषधविक्रेत्यांकडे त्या शिंगाला सोन्याहून चढा भाव का मिळत होता, हा त्यांचा विषय. १५९८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या पाउल हेन्ट्झनर या जर्मन प्रवाशाने विंडसरच्या किल्ल्यात पाहिलेल्या अशा एका शिंगाची किंमत दहा हजार पौंडांहून अधिक नोंदवली आहे. ही शिंगे प्रत्यक्षात उत्तर ध्रुवाकडच्या नारव्हाल नावाच्या देवमाशाचे सुळे असत, हे डॅनिश वैद्य ओले वर्म यांनी १६३८ मध्ये दाखवून दिले. क्रिप्टोझूऑलॉजिस्टचे प्रकरण तिथे मिटते. इतिहासकाराचे मात्र तिथे तापू लागते, कारण हा खुलासा झाल्यावरही शिंगाच्या भुकटीवरचा विश्वास लगेच उडाला नाही, आणि तो का उडाला नाही हे नारव्हालकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही.

दोन्ही पद्धती एकाच प्रकरणाला लावून पाहिल्या की फरक अधिक उघडा पडतो, आणि त्यासाठी हिममानवाइतके सोयीचे प्रकरण नाही. १९२१ च्या एव्हरेस्ट पाहणी मोहिमेत ल्हाक्पा ला या खिंडीजवळ बर्फात मोठी पावले दिसली. मोहिमेचे प्रमुख हॉवर्ड-बरी यांना ती लांडग्याची वाटली, तर हमालांनी ती बर्फातल्या रानटी माणसाची असल्याचे सांगितले. हमालांचे हे बोलणे कलकत्त्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या हेन्री न्यूमन यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यात ध चा मा झाला आणि ‘किळसवाणा हिममानव’ जगभर गाजला. १९५१ मध्ये गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर एका पावलाचे छायाचित्र घेतले. मापाचा अंदाज यावा म्हणून शेजारी बर्फकुऱ्हाड ठेवली होती. ह्युवेलमान्स यांनी या सगळ्या साक्षींची छाननी करून हिममानव हा लुप्त झालेल्या जायगँटोपिथेकस या महाकाय वानराचा नातलग असावा, असा तर्क मांडला आणि प्राणी हाती येण्याआधीच त्याचे शास्त्रीय बारसेही करून टाकले.

आता एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू खोऱ्यातल्या शेर्पांची एक कथा पाहा. यती, म्हणजे हेच हिममानव, गावाला फार उपद्रव देऊ लागले, तेव्हा गावकऱ्यांनी उघड्यावर जमून छांग ही धान्याची दारू पिण्याचे आणि लाकडी तलवारींनी एकमेकांना मारण्याचे सोंग केले. संध्याकाळी ते छांगची भांडी आणि खऱ्या तलवारी तिथेच ठेवून घरी परतले. माणसाची नक्कल करण्याची खोड असलेले यती रात्री खाली उतरले, छांग प्याले आणि एकमेकांना कापून मेले. जे थोडे वाचले ते उंच पहाडात निघून गेले. प्राण्याच्या शोधात निघालेल्याला या कथेतून फारतर ‘नकला करतो, म्हणजे वानरवर्गीय असावा’ एवढीच नोंद मिळते. सांस्कृतिक इतिहासकाराला त्यात माणूस आणि माणसासारखे काहीतरी यांच्यातली सीमा दिसते. दारू, भांडण आणि शस्त्र या तीन मानवी गोष्टी त्या सीमेवर का ठेवल्या गेल्या, आणि गावाच्या वरचा पहाड कोणाचा, हे तो विचारतो. खुमजुंगच्या गोंपातली, म्हणजे बौद्ध मठातली, प्रसिद्ध ‘यतीची कवटीटोपी’ (डोक्यावरचे केसाळ कातडे) १९६० मध्ये एडमंड हिलरी यांनी शिकागो, पॅरिस आणि लंडनला तपासणीसाठी नेली आणि ती हिमालयातल्या सेरो या रानबोकडासारख्या प्राण्याच्या कातड्याची असल्याचा निर्वाळा मिळाला. पुरावा म्हणून ती बाद झाली खरी, पण गोंपात जपलेली, विधीत वापरली जाणारी वस्तू म्हणून तिचे महत्त्व त्या निकालाने रतिमात्रही घटत नाही.

या प्रकरणात मला सर्वांत बोलका वाटणारा कागद मात्र सरकारी आहे. १९५९ च्या नोव्हेंबरात काठमांडूतल्या अमेरिकी दूतावासाने नेपाळ सरकारचे यतिशोधाचे नियम आपल्या देशी कळवले. परवान्यासाठी पाच हजार रुपये भरायचे, यतीचे छायाचित्र घ्यायचे किंवा त्याला जिवंत पकडायचे पण स्वसंरक्षणाखेरीज मारायचे नाही, आणि त्याच्या अस्तित्वाची बातमी सरकारच्या परवानगीवाचून वर्तमानपत्रांना द्यायची नाही. हिममानव आहे की नाही याविषयी हा कागद काहीच सांगत नाही. परदेशी मोहिमांच्या लाटेला एक लहान राज्य कसे हाताळत होते, हे मात्र त्यातून नीट दिसते.

लॉख नेसच्या बाबतीत हाच झगडा एका संतचरित्रावरून होतो. सातव्या शतकाच्या अखेरीस अॅडम्नान याने लिहिलेल्या संत कोलंबाच्या चरित्रात, नेस नदीतल्या श्वापदाला संताने क्रुसाची खूण करून पळवून लावल्याचा प्रसंग आहे. जलराक्षसाच्या शोधकांना ही पहिली साक्ष वाटते. संतचरित्रे वाचणारा इतिहासकार आठवण करून देतो की श्वापदाला नमवणे हा अशा चरित्रांतला ठरलेला प्रसंग आहे आणि ही घटना सरोवरातली नसून नदीतली आहे. आजच्या जलराक्षसाचा खरा बोलबाला १९३३ मध्ये सुरू झाला. पुढच्या वर्षीचे लांब मानेचे गाजलेले छायाचित्र खेळण्यातल्या पाणबुडीवर घडवलेले डोके बसवून काढलेले होते, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मिशेल म्यूर्जे आणि क्लोद गान्यों यांनी सरोवरांतल्या राक्षसांवर १९८८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या शोधकांना थेट उत्तर दिले आहे, आणि ते मला आजही सर्वांत वजनदार वाटते. त्यांच्या म्हणण्यानुसार ‘सरोवराला तळच नाही’, ‘ते भूमिगत भुयाराने दुसऱ्या पाण्याला जोडलेले आहे’ ही वाक्ये राक्षसाच्या वर्णनाचाच भाग आहेत. शोधक ती गावंढळ भर म्हणून गाळतो, मान आणि पाठीचे उंचवटे तेवढे उचलतो आणि मग सगळ्या देशांतली वर्णने एकमेकांशी जुळतात म्हणून चकित होतो. न जुळणारे सगळे त्यानेच आधी काढून टाकलेले असते.

याचा अर्थ सांस्कृतिक इतिहासकार नेहमी बरोबर असतो, असा नाही. प्रत्येक साक्षीला ‘जुने कथाबीज’ म्हणून निकाली काढण्याची सवय त्यालाही लागते आणि मग एखाद्याला खरोखरच अस्वल दिसले असेल, ही साधी शक्यता विसरली जाते. २०१७ मध्ये शार्लोट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने जनुकीय चाचणीने तपासले, तेव्हा आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा निघाला. हे काम कोणत्याही लोककथा-अभ्यासकाच्या हातून झाले नसते.

दोन्हींच्या मधला एक प्रांतही आहे. गरुडाची चोच आणि सिंहाचे अंग असलेला ग्रिफिन हा मध्य आशियातल्या प्रोटोसेराटॉप्स डायनोसॉरच्या जीवाश्मांवरून सुचला असावा, असा तर्क एड्रिएन मेयर यांनी मांडला आणि तो २००० सालच्या त्यांच्या पुस्तकामुळे फार लोकप्रिय झाला. मेयर जिवंत प्राणी शोधत नाहीत, म्हणून क्रिप्टोझूऑलॉजिस्ट नव्हेत. पण कथेच्या पोटात एक खरी वस्तू असलीच पाहिजे, ही त्यांची अपेक्षा तिकडच्या लोकांची आठवण करून देते. २०२४ मध्ये मार्क विटन आणि रिचर्ड हिंग यांनी या तर्कावर आक्षेप घेतले. कथांतले ग्रिफिन सोन्याची राखण करतात, पण जुन्या सोन्याच्या जागा आणि हे जीवाश्म यांचा मेळ बसत नाही, आणि ग्रिफिनची चित्रे इजिप्त व पश्चिम आशियात ग्रीकांच्या कितीतरी आधीपासून आढळतात. मला हे आक्षेप पटतात, जरी मेयर यांचे लेखन वाचायला अधिक रंजक आहे.

ह्युवेलमान्स यांनी १९९९ मध्ये आपला सगळा संग्रह स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील प्राणिशास्त्र संग्रहालयाला दिला. त्यातली पत्रे, कात्रणे आणि साक्षीपुरावे कोणा नव्या प्राण्याची नोंद करायला उपयोगी पडतील असे दिसत नाही. विसाव्या शतकातली माणसे अज्ञात प्राण्यांची कल्पना कशी करत होती, हे अभ्यासणाऱ्या इतिहासकारासाठी मात्र तो अव्वल दर्जाचा दस्तऐवज आहे, त्यांनी स्वतः बाजूला काढलेल्या टरफलांसकट.