घटाघटा प्यायलेलं पाणी जातं कुठे?

‘सकाळी उठल्या उठल्या अनशापोटी लिटर-दीड लिटर पाणी प्या, दिवसाचं निम्मं काम तिथंच उरकतं.’ उन्हाळा लागला की असे संदेश फोनवर फिरू लागतात. हेतू चांगला असतो, पण दिवसभराचं पाणी एका बैठकीत भरून ठेवायला माणसाच्या शरीरात टाकीच नाही. उंटाच्या वशिंडातही पाणी नसतं, चरबी असते. आपण प्यायलेलं जास्तीचं पाणी शरीर दोन-तीन तासांत बाहेर काढतं. ते कसं काढतं हे नीट कळलं, तर रोज पुरेसं पाणी कसं प्यावं याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

आधी थोडा हिशेब करू. 60 किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण 36 लिटर पाणी असतं. त्यात सोडियम, क्लोराइड, युरिया, ग्लुकोज असे कण विरघळलेले असतात. एक किलो पाण्यात असे किती कण आहेत ते मिलिऑस्मोल या एककात मोजतात. निरोगी माणसाच्या रक्तात हा आकडा 280 ते 295 च्या दरम्यान राहतो. आपल्या माणसाचा आकडा 288 आहे असं धरू. त्याने एक लिटर पाणी घटाघटा प्यायलं, तर 36 लिटरचे 37 लिटर होतात आणि आकडा 280 वर येतो. तेच त्याने 200 मिलिलिटर प्यायलं, तर तो जेमतेम 286 च्या आसपास थांबतो. हा फरक किरकोळ दिसतो, पण सगळा खेळ याच सात-आठ आकड्यांत आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. त्याच्या आसपास अशा काही पेशी आहेत, ज्या रक्त घट्ट झालं की आकसतात आणि पातळ झालं की फुगतात. असे संवेदक मेंदूत असले पाहिजेत, हे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट व्हर्नी यांनी 1940 च्या दशकात कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. आकडा 280-285 च्या वर गेला, की या पेशींच्या सांगण्यावरून मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात उतरतं. तहान लागते ती त्यानंतर, आकडा 290 च्या पुढे सरकल्यावर. म्हणजे घसा कोरडा पडण्याच्या कितीतरी आधी शरीराने पाणी वाचवायला सुरुवात केलेली असते.

हे वाचवणं मूत्रपिंडात होतं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. लघवी होते ती दीड-दोन लिटर, बाकी सगळा द्रव परत रक्तात जातो. त्यातला मोठा हिस्सा कोणाला न विचारता परततो. शेवटचा साधारण दहावा हिस्सा मात्र व्हॅसोप्रेसिनच्या हुकमावर असतो. ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक बनतच नाही, त्यांना दिवसाला 10 ते 15 लिटर लघवी होऊ शकते आणि ते सतत पाणी पीत असतात.

हा हुकूम बजावला जातो मूत्रपिंडातल्या संग्राहक नलिकांमध्ये. या नलिकेच्या भिंतीतल्या पेशींचं नळीकडचं आवरण एरवी जवळजवळ जलरोधक असतं. पेशीच्या आत मात्र अतिसूक्ष्म फुगे तयार ठेवलेले असतात आणि त्यांच्या भिंतींत ॲक्वापोरिन-2 या प्रथिनाच्या वाहिन्या बसवलेल्या असतात. व्हॅसोप्रेसिनचा रेणू पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला येऊन चिकटला, की पेशीत चक्रीय एएमपी या निरोप्या रेणूचं प्रमाण वाढतं. त्यातून एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि ते ॲक्वापोरिनला फॉस्फेटचा गट जोडतं. मग ते फुगे नळीकडच्या आवरणाला जाऊन मिळतात आणि त्यात विलीन होतात. भिंतीला पाण्यापुरती भोकं पडतात. नलिकेच्या बाहेरचा मूत्रपिंडाचा गाभा खारट असतो. तिथली कणांची संख्या 1200 पर्यंत जाते. त्यामुळे नळीतलं पाणी तिकडे खेचलं जातं आणि तिथून रक्तात परत येतं. लघवी थोडी आणि घट्ट होते. व्हॅसोप्रेसिन कमी झालं, की आवरणाचे तेच तुकडे आत ओढून घेतले जातात, भोकं बुजतात आणि पाणी थेट मूत्राशयाची वाट धरतं.

पेशीच्या आवरणात पाण्यासाठी खास वाहिनी असते, हे फार काळ कोणी दाखवू शकलं नव्हतं. अमेरिकेत पीटर ॲग्रे यांच्या गटाने 1992 मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींत सापडलेल्या अशाच एका प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याचा निरोप, बेडकाच्या अंड्यांत टोचला आणि ती अंडी साध्या पाण्यात सोडली. बेडकाची अंडी गोड्या पाण्यात निवांत राहतात. ही मात्र फुगली आणि लाहीसारखी फुटली. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी मूत्रपिंडातलं ॲक्वापोरिन-2 शोधलं. ॲग्रे यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या वाहिनीची रुंदी मध्यभागी पाण्याच्या एका रेणूएवढीच असते. रेणू एकामागे एक, रांगेने जातात, तरी एका वाहिनीतून सेकंदाला अब्जावधी रेणू पार होतात. नवल म्हणजे पाण्याच्या रांगेतून सहज उड्या मारत जाऊ शकणारा हायड्रोजनचा आयन इथे अडवला जातो. तो सुटला असता, तर पाणी वाचवताना रक्ताची आम्लता बिघडली असती.

आता आपल्या लिटरभर पाण्याकडे वळू. आकडा 280 वर आला, व्हॅसोप्रेसिन जवळजवळ थांबलं, आणि रक्तातलं आधीचं संप्रेरक 10-20 मिनिटांत निम्मं होत गेलं. भोकं बुजली. तासाभरात पाण्यासारखी पांढरी लघवी सुरू होते आणि दोन-तीन तासांत प्यायलेलं बहुतेक पाणी बाहेर पडतं. सकाळी सहाला प्यायलेलं पाणी नऊपर्यंत गेलेलं असतं. दुपारी दोनला, ऊन रणरणत असताना, त्यातलं फारसं उरलेलं नसतं. 200 मिलिलिटर प्यायल्यावर आकडा 286 वर राहतो, भोकांचा बराच भाग उघडा राहतो, आणि पाणी घाम, श्वास, लाळ, पचन यांसाठी हाताशी राहतं. म्हणून तासा-दीड तासाला पेलाभर पाणी पिण्याचा फायदा सकाळच्या तांब्याभर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. जेवताना प्यायलेलं पाणीही चांगलं टिकतं, कारण त्याच्यासोबत मीठ आणि अन्नातले कण रक्तात जातात आणि आकडा एकदम पडत नाही. ‘जेवताना पाणी प्यायलं की पाचकरस पातळ होतो’ ही भीती निरोगी माणसाने सोडून द्यावी. जठर गरजेप्रमाणे आम्ल स्रवत राहतं.

पाणी उभ्याने प्यायलं की गुडघ्यात उतरतं, हा समजही इथेच निकालात काढता येतो. पाणी आतड्यातून रक्तात जातं आणि रक्त बसलेल्या-उभ्या दोघांच्याही सगळ्या अंगात फिरतं. अल्कलाइन पाण्याच्या महागड्या यंत्रांचंही तसंच. जठरातल्या तीव्र आम्लात ते पाणी पडताक्षणी त्याचा अल्कधर्मी गुण संपतो. तेवढ्या पैशात घरातल्या प्रत्येकाला एक चांगली स्टीलची बाटली येईल.

दिवसाला किती प्यावं? आठ ग्लासांचा नियम बहुधा 1945 च्या एका अमेरिकी शिफारशीतून पसरला. दर कॅलरीमागे एक मिलिलिटर पाणी लागतं, असं तिथे म्हटलं होतं. त्याच परिच्छेदातलं पुढचं वाक्य, की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं, लोकांनी सोडून दिलं. 2022 मध्ये 23 देशांतल्या 5,600 हून अधिक लोकांची मोजणी प्रसिद्ध झाली. त्यांना जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजनच्या खुणा असलेलं पाणी देऊन ते शरीरातून किती वेगाने निघून जातं हे पाहिलं होतं. दिवसाची उलाढाल कोणाची एक लिटर, तर कोणाची सहा लिटर निघाली. वय, वजन, कष्ट आणि हवामान यांनी ती बदलत होती. एकच आकडा सगळ्यांना लागू करण्यात अर्थ नाही.

आपल्या ताटातही पाणी भरपूर असतं. शिजलेल्या भातात सुमारे 70 टक्के, दह्यात 85 च्या वर, कलिंगडात 90 च्या वर, काकडीत 95 टक्के. वरणभात, आमटी, ताक असं जेवणाऱ्याला अन्नातून सहज पाऊण ते एक लिटर मिळतं. कोरडी भाकरी-चटणी किंवा वडापाव खाऊन दिवस काढणाऱ्याला याच्या निम्मंही मिळत नाही. चहा-कॉफीही हिशेबात धरावी. रोजच्या दोन-चार कपांनी शरीरातलं पाणी घटत नाही. बैठं काम करणाऱ्या प्रौढाने साधारण हवेत पेयं धरून दीड ते दोन लिटर प्यावं, ही सुरुवात ठीक आहे. पुढचं लघवी सांगते. सकाळच्या पहिल्या लघवीवरून निष्कर्ष काढू नये, ती रात्रभर साठून घट्ट झालेली असते. दुपारची पाहावी. फिकट लिंबू सरबतासारखी असली तर बरोबर. मोहरीच्या तेलासारखी पिवळी असली तर कमी पडतंय. दिवसभर पाण्यासारखी पांढरी असली तर गरजेपेक्षा जास्त होतंय. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी गडद पिवळी होते आणि बिटाने लालसर, त्या दिवशी ही खूण उपयोगाची नाही.

मूतखडा होऊन गेलेल्यांसाठी मात्र आकडा ठरलेला आहे. दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. इटलीत 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिला खडा होऊन गेलेल्यांना पाच वर्षं पाहिलं. भरपूर पाणी पिणाऱ्यांत 12 टक्क्यांना खडा पुन्हा झाला, इतरांत 27 टक्क्यांना. इथेही वाटून पिणं महत्त्वाचं आहे. बहुतेक खडे ज्याचे बनतात ते कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक मुख्यतः लघवी घट्ट असलेल्या तासांत जमतात. सकाळी पातळ आणि दुपारभर घट्ट लघवी म्हणजे खड्याला रोजची संधी.

आता रोजची युक्ती. आधी घरातला पेला मोजावा. पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली भरावी आणि तिच्यात किती पेले किंवा फुलपात्रं बसतात ते पाहावं. एका फुलपात्रात बहुधा 150 ते 200 मिलिलिटरच मावतं आणि ‘आठ पेले प्यायलो’ म्हणणाऱ्याचं खरं पाणी सव्वा ते दीड लिटर निघतं. मग पाणी एखाद्या ठरलेल्या कामाला बांधावं. उठल्यावर एक पेला, प्रत्येक जेवणासोबत एक, औषधासोबत पूर्ण पेला, आणि दर वेळी लघवीला जाऊन आल्यावर एक. हा शेवटचा नियम सर्वांत कामाचा. गेलं तेवढं भरलं जातं आणि आठवण फोनने करून द्यावी लागत नाही. लिटरची बाटली पिशवीत ठेवली तर विसरते, टेबलावर नजरेसमोर हवी. दुपारच्या जेवणापर्यंत ती एकदा रिकामी व्हावी.

पाणी खूप गार असलं, तर दोन घोटांतच तहान भागल्यासारखी वाटते. तोंडातला थंडावा मेंदूतल्या तहानेच्या पेशींना लगेच गप्प करतो, रक्तात पाणी पोचायच्या आधीच. कोमट पाणी उन्हाळ्यात नकोसं वाटतं. माठाचं पाणी या दोहोंच्या मधलं असतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ झकास गार करतो. कोकणात हवा दमट, बाष्पीभवन मंद, म्हणून माठ नावापुरताच गार होतो. तिथे बाटली फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवावी.

शाळेतली मुलं आणि बाहेर काम करणाऱ्या बायका पाणी कमी पितात, त्यामागचं कारण बहुतेक वेळा विसरभोळेपणा नसतो. स्वच्छतागृह घाण असतं, लांब असतं, किंवा नसतंच. केरळमधल्या शाळांनी 2019 मध्ये पाण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, मग कर्नाटकातही ती आली. दिवसात ठरावीक वेळी सगळ्यांनी दोन मिनिटं थांबून पाणी प्यायचं. योजना उत्तम आहे, कारण ती पाणी वाटून देते. पण घंटेनंतर अर्ध्या-पाऊण तासाने मुलींना जायला जागा हवी. ऊसतोडीच्या फडावर दिवसभर आडोसा नाही म्हणून पाणी टाळणाऱ्या बाईला घंटेचा किंवा सल्ल्याचा काय उपयोग? तिथे आधी शौचालय लागतं.

उन्हात कष्टाचं काम असेल तर हिशेब वेगळा. तासाला एक लिटर घाम सहज जातो. दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं, पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. मूत्रपिंडं तासाला साधारण 800 मिलिलिटर ते एक लिटरच बाहेर काढू शकतात. त्यापुढे साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम लिटरमागे 135 मिलिमोलच्या खाली घसरतं, मळमळ होते, डोकं दुखतं, गोंधळल्यासारखं होतं आणि फार वाढलं तर मेंदूला सूज येऊन जीवही जातो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्के जणांचं सोडियम असं घसरलं होतं. त्यातल्या अनेकांचं वजन शर्यतीत वाढलं होतं, म्हणजे घामापेक्षा पाणी जास्त झालं होतं. म्हणून कामाच्या आधी आणि नंतर वजन करावं. एक किलो घट म्हणजे एक लिटर पाणी गेलं. ते पुढच्या दोन-तीन तासांत मीठ घातलेल्या ताकाने, पेजेने किंवा जेवणासोबत भरून काढावं.

जुलाब झाले तर ताकावर थांबू नये. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पूर्ण पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावी, मोठी पुडी बहुधा एक लिटरची असते. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकली की प्रमाण बिघडतं आणि घट्ट द्रावण उलट आतड्यातच पाणी ओढून घेतं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्यावर शीग नको.

म्हाताऱ्या माणसांत तहानेची जाणीव बोथट होते, आणि रात्री उठावं लागेल म्हणून ती संध्याकाळपासून पाणी सोडतात. त्यांच्यासाठी दिवसाचं तीन चतुर्थांश पाणी दुपारी चारच्या आत संपवावं, रात्रीच्या जेवणासोबत एक पेला द्यावा आणि झोपायच्या आधीचे दोन तास मोकळे ठेवावेत. ‘तहान लागली का?’ असं विचारू नये, पेला हातात द्यावा. हृदय कमजोर असणाऱ्यांना, डायलिसिसवर असणाऱ्यांना आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना डॉक्टरांनी पाण्याचं जे माप दिलं असेल तेच पाळावं. अशा घरात सकाळी ते माप एका बाटलीत काढून ठेवावं आणि चहा, औषधाचं पाणी, आमटी असं जे पोटात जाईल तेवढं पाणी त्या बाटलीतून ओतून कमी करत जावं.